एफमधले बुट्टे

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत किशनचं दुकान आहे. पाटीवर अजून 'कॉम्प्युटर क्लास व दुरुस्ती' असं लिहिलेलं दिसतं. क्लास बंद पडून जमाना झाला, आणि दुरुस्तीला येतो तो कधी एखादा प्रिंटर, कधी कुणाच्या घरचा इन्व्हर्टर. तरी किशन रोज शटर उघडतो, उदबत्ती लावतो आणि बसतो. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा इथं बसलेलं बरं, रस्त्यानं माणसं तरी जाताना दिसतात.

घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको राणी पुण्याला गेली होती, मुलाकडं, मंथनकडं. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली. मग बाळ रांगायला लागलं, मग सुनेची रजा संपली, मग बाळाची शाळा सुरू झाली. प्रत्येक वेळचं कारण खरं होतं, त्यामुळं किशनला रागवायलाही जागा मिळाली नाही. भांडण नाही, तंटा नाही, आणि बायको मात्र घरात नाही. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलासा?"

"जेवतो आता."

"गोळी?"

"घेतली."

मग नातू पडद्यावर तोंड दाखवून पळून जायचा. "तुम्हीच या की इकडं," राणी म्हणायची. "बघतो," किशन म्हणायचा. एकदा गेलताही. सगळे कामावर गेले की बाराव्या मजल्यावर लिफ्टचा आवाज ऐकत बसायचा. आठवडाभरात परत आला आणि त्यानंतर पुण्याच्या वाटेवरचा कोगनोळीचा नाका त्यानं ओलांडला नाही.

अशात एका सकाळी बेळगावहून, वडगावातून फोन आला.

"किशन सर काय? मी नागेंद्र बोलतोय. आमच्या काकूंचं एक जुनं मशीन हाय, साडीचं डिझाइन काढायचं. तुम्हीच दिलतं म्हणं. आता ते सुरू करताना कटकट कटकट करतंय. इथं बेळगावात दोघातिघांना दाखवलं, बघून हसतात नुसतं."

"कुठला प्रोग्रॅम? डॉसवरचा?"

"ते मला न्हाय कळत. निळा पडदा येतोय."

किशनला सगळं आठवलं. मागांवर नक्षी पाडणाऱ्या जकार्ड यंत्राला भोकं पाडलेले पुठ्ठे लागतात. पूर्वी ते आलेखाच्या कागदावरून हातानं मारायचे. नंतर कॉम्प्युटरवर नक्षी काढून पुठ्ठे मारणारं यंत्र आलं, आणि वडगाव-शहापुरातल्या विणकरांना तसली मशीनं जोडून देण्यात किशनची उमेदीची वर्षं गेली. त्यातलं एक अजून चालतंय हे ऐकून त्याला क्लासमधलं जुनं पोर रस्त्यात भेटावं तसं झालं.

"बंद करून ठेवा," तो म्हणाला. "हात लावू नका. मी येतो."

फोन ठेवल्यावर त्यानं माळ्यावरची खोकी काढली. धूळ झाडत बसला. जुन्या डिस्क, जाड पट्ट्यांसारख्या केबली, सगळं पिशवीत भरलं आणि बेळगावची गाडी पकडली. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली, काकती आली, तरी तो खिडकीतून बघत नव्हता. मनातल्या मनात मशीन उघडत होता.

नागेंद्रच्या काकूंचं, मंगलाक्कांचं घर म्हणजे मागांच्या शेडला लागून असलेल्या दोन खोल्या. शेड पुतण्याची, नागेंद्रची. त्यातले निम्मे माग बंद होते, उरलेले निम्मे एवढा आवाज करत होते की दारात उभं राहून हाक मारणं व्यर्थ होतं. नागेंद्रनं किशनला आत नेलं आणि काकूंच्या खांद्याला हात लावला. त्या वळल्या. साठीच्या पुढं गेलेल्या, बारीक अंगाच्या, चष्म्याच्या जाड काचेआड डोळे मोठे दिसणाऱ्या.

"मी किशन, आक्का. निपाणीचा."

"काय?"

"त्यांना ऐकू कमी येतंय," नागेंद्र म्हणाला. "तरुणपणापासनं मागाजवळ. समोर बसून, तोंडाकडं बघून बोलावं लागतंय. मी जातो, तिकडं धागा तुटलाय." आणि तो गेला.

किशन समोर स्टूल ओढून बसला. हळू, एकेक शब्द सोडून म्हणाला, "मी किशन. हे मशीन मी बसवलतं."

मंगलाक्कांनी त्याच्या ओठांकडं नीट बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "व्हय की! तुम्ही. केस कुठं गेले?"

किशन हसला. आपल्या तोंडाकडं एवढं लक्ष देऊन कुणी आपलं बोलणं ऐकल्याला किती काळ लोटला, हे त्याला त्या क्षणी कळलं नाही. परतीच्या गाडीत कळलं.

मशीनवर जुन्या साडीच्या तुकड्याचा अभ्रा शिवून घातला होता. मूळचा पांढरा डबा आता हळदीसारखा पिवळा पडलेला. किशननं तो उघडला, धूळ पुसली, सुरू केला. कटकट झाली, थांबली, आणि मग कसाबसा निळा पडदा आला. त्यानं कान लावला. डिस्क शेवटाला आली होती. आज-उद्या जाईल, फार तर महिना-दोन महिने टिकेल.

"हिच्यातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर घ्यायला पायजे," त्यानं सांगितलं.

"घ्या की."

त्यानं पिशवीतली एक चाळीस जीबीची डिस्क जोडली. मशीन जागच्या जागी थिजलं. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि पुढं काही येईना. मंगलाक्का बघत होत्या.

"काय झालं?"

"हिला एवढी मोठी डिस्क झेपत न्हाय, आक्का. त्या काळात एवढी मोठी कुणी बघितलीच नव्हती. आणि ही जी सिस्टीम हाय, तिला तर एका भागात दोन जीबीच्या पलीकडं दिसतच न्हाय. म्हणून तर तेव्हा आठ जीबीची डिस्क घातली आणि तिचे चार भाग पाडून दिले. आठवतंय?"

"आठवतंय तर. सी मशीनचा. डी-त काठ, ई-त पदर, एफ-मध्ये बुट्टे. तुम्हीच शिकवलासा." त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "पण मला एक सांगा. माझा एवढाएवढासा बुट्टा. मग जागा कशी काय भरती?"

हा प्रश्न किशनला इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता. त्याला बरं वाटलं. "ही सिस्टीम जागा देताना मोजून देत न्हाय," तो म्हणाला. "बुट्टा केवढाही असू दे, त्याला एक आख्खी खोली देती. तो कोपऱ्यात बसतोय आणि उरलेली खोली रिकामी. पण दुसऱ्या कुणाला ती मिळत न्हाय."

मंगलाक्कांनी पडद्यावरच्या त्या दोन ओळींकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच की. मालक गेल्यापासनं आख्ख्या घरात मी एकटी." आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या. ऐकू कमी येणाऱ्या माणसांचं हसणं असतं तसं, जरा जास्तच मोठं.

आता खरं सांगायचं तर किशनच्या पिशवीत लॅपटॉप होता, आणि जुनी डिस्क लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी जोडायची वायरही होती. जुन्या मशीनला जे झेपत नव्हतं ते लॅपटॉपला किरकोळ होतं. डिस्क काढायची, वायर लावायची, चारी भाग उचलून एका जागी टाकायचे. च्या उकळेपर्यंत काम झालं असतं. किशनला हे दारातनं आत येतानाच माहीत होतं.

तो म्हणाला, "एका दिवसाचं काम न्हाय, आक्का. छोट्या डिस्क शोधाव्या लागतील. एकेक भाग एकेका डिस्कवर घ्यावा लागंल. आज डी घेतो."

तेही खोटं नव्हतं. त्याच मशीनमध्ये ठेवून करायचं तर तसंच करावं लागलं असतं. पिशवीत एक जुनी छोटी डिस्क होती, तिच्यावर त्यानं डी घ्यायला लावला. पडद्यावर एकेक नाव सरकत राहिलं. मंगलाक्का चष्मा सावरून वाचत राहिल्या. "हा चाफेकळी काठ. शहापूरच्या एका लग्नाला काढलता. हा शामूअण्णांचा. लई तिरसट माणूस, तीनदा बदलून घेतला." किशन समोर बसून ऐकत होता. मधेच त्यांनी चपाती, दोडक्याची भाजी आणि वाटीत ठेचा आणून ठेवला. जेवणारा समोर आहे म्हणून त्याही जेवायला बसल्या. "एकटीला भाजी करायचा कंटाळा येतोय," म्हणाल्या. "भात टाकते आणि ताक घालून खाते."

"मी पण," किशन म्हणाला.

निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या बारीला मागांच्या सुट्टीदिवशी या. आवाज नसतोय. मला काय फरक न्हाय, पण तुम्हाला तरास."

त्या संध्याकाळी राणीनं विचारलं, "जेवलासा?" तेव्हा किशननं पहिल्यांदा दोडक्याच्या भाजीचं नाव सांगितलं. "कुणी केली?" तिनं विचारलं. "बेळगावला कामाला गेलतो, तिथं," तो म्हणाला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि तेवढ्यात नातवानं काहीतरी सांडलं.

मागांच्या सुट्टीदिवशी किशन गेला. ई भाग घेतला. शेड शांत होती, रस्त्यावरच्या सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या. पदरांची नावं सरकत होती आणि मंगलाक्का नवऱ्याबद्दल सांगत होत्या. भावकू नाव त्यांचं. मागावर बसायचे, पण नक्षीत बायकोचा हात चांगला आहे हे त्यांनी आधी ओळखलं आणि भावाशी वाद घालून हे मशीन घ्यायला लावलं. "घरात बाई मशीनवर बसणार म्हटल्यावर गल्ली बघायला आलती," मंगलाक्का म्हणाल्या. किशननंही मग आपलं सांगितलं. क्लासला एके काळी कशी रांग लागायची, चिक्कोडीवरनं पोरं यायची. राणीचं सांगितलं. मंगलाक्का त्याच्या तोंडाकडं बघत सगळं ऐकत होत्या. त्यांनी समजूत घातली नाही की सल्ला दिला नाही. फक्त म्हणाल्या, "वंगाळ कुणीच न्हाय त्यात. तेच अवघड हाय."

ई संपला तेव्हा उन्हं कलली होती. सी-तला प्रोग्रॅम किशनकडं होताच. एफ तेवढा राहिला.

"एफ आज घेऊया?" किशननं विचारलं. आणि विचारताना उत्तर नाही यावं असं त्याला वाटत होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"राहू दे. त्यात गिऱ्हाइकाचं काय न्हाय," मंगलाक्का म्हणाल्या. "माझंच हाय. उगंच बसल्या बसल्या काढलेलं. कुणी मागितलं न्हाय, कुणी विणलं न्हाय. त्याला कसली घाई?"

"पुढच्या बारीला घेऊ मग."

"सावकाश."

पुढच्या खेपेला गेला तेव्हा एफसाठी आणलेली डिस्क चालली नाही. खरोखरच चालली नाही. पण पिशवीत लॅपटॉप होता आणि वायरही होती. किशननं पिशवीची चेन ओढून घेतली. दिवसभर त्यानं पुठ्ठे मारायच्या यंत्राला तेल घातलं, सैल झालेल्या पट्ट्या बसवल्या, जेवला, गप्पा मारल्या. त्याच्या पुढच्या खेपेला पाऊस होता म्हणून गेला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला गेला, तर मंगलाक्का उचगावला बहिणीकडं गेल्या होत्या, कुलूप होतं. तो शेडच्या पायरीवर थोडा वेळ बसला आणि परत आला. त्याचंही त्याला वाईट वाटलं नाही. जायचं ठिकाण होतं, हे पुरेसं होतं. निपाणीच्या स्टँडवर उतरल्यावर तंबाखूचा उग्र वास घशात यायचा आणि तो मनात म्हणायचा, एफ अजून राहिलाय.

मग एका दुपारी नागेंद्रचा फोन आला.

"सर, काकू काम करत होत्या. लाइट गेली, परत आली, आणि आता मशीन सुरूच होईना. कटकट पण येईना."

किशन मिळेल त्या गाडीनं गेला. मंगलाक्का दारातच उभ्या होत्या. त्यानं डबा उघडला, डिस्क बाहेर काढली, हातात धरून कानाशी नेली. वीज दिली. आत काहीतरी एकदा घासलं आणि गप्प झालं. त्यानं लॅपटॉप काढला, वायर लावली. लॅपटॉपला डिस्क दिसली नाही. दुसऱ्या पोर्टला लावून बघितली, उलटी धरून बघितली, थोडा वेळ थांबून परत बघितली. हे सगळं करून काही होणार नाही हे ठाऊक असताना त्यानं ते सगळं केलं, कारण मंगलाक्का बघत होत्या.

"न्हाय," शेवटी तो म्हणाला.

"मग आता?" नागेंद्रनं विचारलं. "शहापूरच्या मालकानं तीन पदर सांगितलेत. ते गेले काय?"

"ते न्हाय गेले. डी आणि ई आपण आधीच घेतलेत." त्यानं पहिल्या दोन खेपांत भरलेल्या छोट्या डिस्क काढल्या. "तुमचा बिलांचा लॅपटॉप आणा. त्यावर ठेवतो. जुन्या सिस्टीमचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम असतोय, त्यात तुमचं डिझाइन चालंल. पुठ्ठ्यांचं यंत्र पण जोडता येतंय."

नागेंद्रनं लॅपटॉप आणला. किशननं पहिली डिस्क वायरीला लावली, सगळं निवडलं आणि उचलून टाकलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं गेली. दुसरी डिस्क लावली. पट्टी पुन्हा गेली. मंगलाक्कांनी गॅसवर आधण ठेवलं होतं, त्याला उकळी फुटायची होती.

"झालं?" नागेंद्र म्हणाला.

"झालं."

"एवढ्यात?" नागेंद्रनं लॅपटॉपवर किती जागा भरलीय ते उघडून बघितलं. लांबलचक पट्टी होती, त्यात आधी भरलेला एक तुकडा होता आणि तो जिथं संपत होता तिथं काही फरक पडलेला दिसत नव्हता. "कुठं गेलं? काहीच वाढलेलं दिसंना."

"हाय त्यातच. चार जीबीच्या आत हाय सगळं. ह्याच्या मानानं दिसण्याइतकं न्हाय ते."

मंगलाक्का जवळ येऊन वाकल्या. पुतण्याच्या बोटाच्या दिशेनं बघितलं. आयुष्यभराचे काठ आणि पदर त्या पट्टीत केसाएवढेही भरले नव्हते.  शेडमधून कुणीतरी नागेंद्रला हाक मारली आणि तो लॅपटॉप तसाच ठेवून गेला. जाता जाता म्हणाला, "हे आधीच केलं असतं की मग, सर." त्यात ठपका नव्हता. त्याचं अर्धं लक्ष मागाकडंच होतं.

किशन वायरी गुंडाळत होता. पाठ मंगलाक्कांकडं होती. तो मशीनच्या उघड्या डब्याकडं बघत म्हणाला, "मला पहिल्या दिवशीच करता आलं असतं, आक्का. एफ पण. चारी भाग. मी मुद्दाम न्हाय केलं."

मागून उत्तर आलं नाही. शेडमधले माग खडखडत होते. त्यानं वळून बघितलं. मंगलाक्का कपात च्या गाळत होत्या. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

बोलून तर झालं होतं. न ऐकणं हा काही त्याचा दोष नव्हता. कप घ्यावा, च्या प्यावा, गाडी पकडावी. एवढं सोपं होतं. किशननं वायर पिशवीत टाकली. चेन लावायला गेला आणि त्याचा हात चेनवरच राहिला.

तो स्टूल घेऊन त्यांच्या समोर जाऊन बसला. त्यांनी कप पुढं केला तो त्यानं घेऊन खाली ठेवला. त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"एफ गेला तो माझ्यामुळं गेला," तो एकेक शब्द सोडून म्हणाला. "पहिल्या दिवशीच सगळं घेता येत होतं. आत्ता घेतलं तसं. मला ठाऊक होतं."

मंगलाक्कांच्या कपाळावर आठी पडली. आपण शब्द नीट पकडले की नाही याची त्या खात्री करून घेत असाव्यात. "मग का न्हाय घेतलं?"

"घेतलं असतं तर परत यायला कारण उरलं नसतं."

 किशनला वाटलं, आता रागावतील, ओरडतील. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि परत लावला.

"कारण कशाला लागतंय?" त्या म्हणाल्या. आवाज आज मोठा नव्हता. "नुसतं आला असता तरी च्या दिलाच असता की मी. मला काय दुसरं कोण येतंय?"

किशनची मान खाली गेली.

"मीच म्हटलं होतं, घाई न्हाय," त्या पुढं म्हणाल्या. "ते खरं हाय. पण मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय."

"च्या घ्या. गार व्हतोय."

त्यानं च्या घेतला. त्याला चव लागली नाही. तो उठला तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "थोडे दिवस येऊ नका, अण्णा. मला जरा राग राहील. तो तुमच्यासमोर नको."

परतीच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली नाही आणि त्याला त्याचं बरंच वाटलं. हत्तरगीच्या टोलजवळ राणीचा फोन आला, तो त्यानं उचलला नाही. घरी गेल्यावर केला.

"जेवलासा?"

"न्हाय."

रोजच्या उत्तरापेक्षा वेगळं उत्तर आल्यामुळं राणी थबकली. "का?"

मग त्यानं सांगितलं. पहिल्यापासून. डिस्क, भाग, वायर, एफ, सगळं. राणीला त्यातलं तांत्रिक कळलं नसेल, पण ती मधे बोलली नाही. मागं नातू ओरडत होता. ती उठून दुसऱ्या खोलीत गेल्याचा आवाज आला, दार लावल्याचा आवाज आला.

"मला का न्हाय सांगितलंत?" ती शेवटी म्हणाली.

"काय सांगायचं?"

"एवढं एकटं वाटतंय ते."

"तू तिकडं, पोरगं लहान. सांगून काय होणार होतं?"

 राणी म्हणाली, "भात तरी टाका." आणि फोन ठेवायच्या आधी, "मला पण इथं काय लई बरं वाटतंय असं न्हाय."

हे ती इतक्या वर्षांत कधी म्हणाली नव्हती. किशन कुकर लावता लावता त्याचाच विचार करत राहिला. एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं ते दोघंही इतके दिवस धरून बसले होते, आणि आता सांगितल्यावरही ती पुण्यातच होती आणि तो निपाणीतच.

पावसाळा सरला. नागेंद्रचा एकदा फोन आला, पुठ्ठ्यांचं यंत्र मधेच थांबतंय म्हणून. किशननं फोनवरच काय दाबायचं ते सांगितलं आणि यंत्र सुरू झालं. "या कधीतरी," नागेंद्र म्हणाला, जसं कुणीही कुणाला म्हणतं. मंगलाक्का कशा आहेत, हे विचारायचं किशनच्या ओठांवर आलं होतं. "काकू बऱ्या हायत, नव्या मशीनवर बसतात," असं नागेंद्रनंच सांगितलं.

थंडी पडली तेव्हा किशन एके दिवशी सकाळी उठला, अंघोळ केली, शटर उघडायला न जाता स्टँडवर गेला आणि बेळगावच्या गाडीत बसला. हातात पिशवी नव्हती. मागांच्या सुट्टीचा दिवस होता की नाही, याचाही त्यानं हिशेब केला नव्हता. सुट्टी नव्हती, वडगावात उतरल्यावर गल्लीच्या तोंडापासूनच खडखडाट ऐकू आला.

मंगलाक्कांनी दार उघडलं. त्याच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. "या," म्हणाल्या.

खोलीत पिवळा डबा नव्हता. त्या जागी टेबलावर नागेंद्रचा लॅपटॉप होता आणि शेजारी आलेखाचे कागद, खोडरबर, टोक केलेल्या पेन्सिली. कागदावर एक बुट्टा अर्धा काढलेला होता. खालच्या दोन पाकळ्या भरलेल्या, वरचं सगळं मोकळं.

त्यांनी च्या ठेवला. तो समोर बसला.  मग त्यांनी तो कागद पुढं ओढला.

"हा एफमधला," त्या म्हणाल्या. "मालक आजारी होते तेव्हा काढलता. दवाखान्यातनं यायचं, भात खायचा आणि रात झोप न्हाय म्हणून हे काढत बसायचं. खालनं दोन पाकळ्या अशा निघायच्या. मग एक देठ वळायचा. वळायचा तो..." त्यांनी पेन्सिल उचलली. टोक कागदाच्या वर हवेत फिरलं, डावीकडं गेलं, उजवीकडं आलं, थांबलं. "आत जायचा का भाइर, ते न्हाय आठवत."

किशन त्यांच्याकडं बघत होता.  'नवीन काढा' असं म्हणता आलं असतं, ते त्यानं म्हटलं नाही.

"बाकीचे तर कुठले व्हते तेच आठवत न्हाय," त्या म्हणाल्या. "हा एक आठवतोय, तो पण एवढाच."

"लई व्हते?"

"व्हते की. मोजले कुणी?"

त्यांनी देठ आत वळवून बघितला. रबरानं पुसला. बाहेर वळवला. मान तिरकी करून बघितलं, आणि तोही पुसला. कागद तिथं खरवडून पांढरट झाला होता. हे पहिल्यांदा चाललेलं नव्हतं. किशन च्या संपवून तसाच बसून राहिला. त्या काढत होत्या, पुसत होत्या, आणि मधेच एकदा त्यांनी त्याच्याकडं न बघताच कागद थोडा त्याच्या बाजूला सरकवला. त्याला दिसावा म्हणून असेल, किंवा उजेडासाठी असेल.

ऊन दारातून मागं गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गाडी चुकंल तुमची."

"व्हय, निघतो."

त्या दारापर्यंत आल्या नाहीत. किशन गल्लीतून चालत मोठ्या रस्त्याला लागला. शेडमधली पाळी सुटली होती, माणसं डबे घेऊन घरी निघाली होती, कुणी कुणाशी कानडीत, कुणी मराठीत मोठ्यानं बोलत होतं. स्टॉपवर तो त्यांच्यात उभा राहिला. पहिली बस भरून आली आणि थांबली नाही. तो दुसरीची वाट बघत राहिला.